स्वप्नातले घर आणि पदरचे पैसे : घर पाहायला निघण्यापूर्वीचा हिशेब

घर शोधायला निघालेली माणसे बहुधा उलट्या क्रमाने चालतात. एखाद्या रविवारी चार-सहा सदनिका पाहिल्या जातात, त्यांतली एक मनात भरते, आणि ती कशी परवडवता येईल याचा हिशेब मग रात्री जागून मांडला जातो. अशा वेळी उत्तर आधीच ठरलेले असते आणि आकडे त्याच्याकडे ओढले जातात. पगारवाढ धरली जाते, सोने मोडण्याचा विचार होतो, वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांकडे नजर जाते. म्हणून पहिला सल्ला एवढाच, की रक्कम कागदावर पक्की होईपर्यंत एकही घर पाहू नये, जाहिरातीतलेसुद्धा नाही.

मी हे पुण्यातल्या अनुभवावरून लिहीत आहे. आमचे स्वतःचे घर घेताना आम्ही काही चुका केल्या, आणि गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचा व तिच्या यजमानांचा घराचा शोध सुरू झाला तेव्हा त्या टाळण्यासाठी आम्ही चौघे एकत्र वही घेऊन बसलो. पुढचे बरेचसे आकडे त्याच वहीतले, सोयीसाठी पूर्णांकात आणलेले आहेत. दर गावोगाव वेगळे असतील, पण हिशेबाची रीत ठाण्यात, नाशकात किंवा नागपुरातही हीच राहील.

पिशव्या दोन असतात, एक नव्हे

बहिणीच्या घरात दोघांचे मिळून दरमहा १,२०,००० रुपये हातात येत होते, घरभाडे २२,००० रुपये होते आणि शिल्लक २४ लाख रुपये होती. बँकेने त्यांना ४८ लाखांचे कर्ज सहज मिळेल असे सांगितले होते. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या एक लाखाच्या कर्जाचा हप्ता सुमारे ८६८ रुपये पडतो, त्यामुळे ४८ लाखांचा हप्ता जवळजवळ ४१,७०० रुपये होत होता आणि तो त्यांना झेपण्यासारखा वाटत होता. त्यांनी ४८ आणि २४ यांची बेरीज करून ७२ लाख हा आकडा मनाशी धरला आणि ७० लाखांच्या सदनिका पाहायला सुरुवात केली.

ही बेरीजच चुकीची होती. घर घेताना दोन वेगवेगळ्या पिशव्यांतून पैसे जातात. एक पिशवी महिन्याची असते, तिच्यातून हप्ता आणि मेंटेनन्स जातो. दुसरी एकरकमी असते, तिच्यातून पदरचा वाटा, सरकारी शुल्क आणि घर राहण्याजोगे करण्याचा खर्च जातो. महिन्याची पिशवी भरलेली आहे म्हणून एकरकमी पिशवी भरत नाही. मध्यमवर्गीय घरांत बहुतेक वेळा दुसरी पिशवीच आधी रिकामी होते, आणि घराची खरी किंमत तीच ठरवते.

प्रथम त्या २४ लाखांतून सहा लाख बाजूला काढावे लागले. हप्ता धरून सहा महिन्यांचा घरखर्च निघेल एवढी रक्कम मुदत ठेवीत असलीच पाहिजे, आणि कितीही मोह झाला तरी ती घराच्या हिशेबात धरता कामा नये, असे माझे ठाम मत आहे. नोकरी गेली किंवा घरात मोठे आजारपण आले, तर बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणजे पदरचे पैसे उरले १८ लाख.

त्यानंतर रिझर्व्ह बँकेचा नियम येतो. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावरच्या कर्जात ७५ टक्के रक्कम बँकेला देता येते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क या किमतीत सहसा धरले जात नाही, ते संपूर्ण पदरचेच भरावे लागते. शिवाय बँक आपल्या मूल्यांककाने काढलेली किंमत आणि करारातली किंमत यांपैकी कमी असेल ती धरते, त्यामुळे जुन्या घराच्या बाबतीत हातचे आणखी थोडे राखून ठेवावे.

आता पुणे महापालिकेच्या हद्दीतले, दुसऱ्याकडून विकत घेतलेले, साडेअठ्ठेचाळीस लाखांचे घर धरू. किमतीच्या २० टक्के, म्हणजे ९ लाख ७० हजार, पदरचे. मुद्रांक शुल्क सर्व अधिभार धरून सात टक्के, म्हणजे सुमारे ३ लाख ४० हजार (मुंबईत हे सहा टक्के आहे, आणि खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असेल तर निवासी घरावर एक टक्का सवलत मिळते). नोंदणी शुल्क एक टक्का, पण त्याची कमाल मर्यादा ३० हजार आहे, म्हणून ३० हजार. दलाली एक टक्का धरली तरी ४९ हजार. सोसायटीचे हस्तांतरण शुल्क २५ हजार. महापालिका क्षेत्रात याहून अधिक शुल्क सोसायटीला घेता येत नाही. वकिलाचा शोध अहवाल (मालकीची जुनी कागदपत्रे तपासून दिलेला), बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि गहाणखताचा मुद्रांक मिळून ३५ हजार. रंग, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या, पंखे, गीझर आणि नळांची दुरुस्ती यांना साडेतीन लाख. या सगळ्याची बेरीज बरोबर १८ लाखांच्या आत बसते.

म्हणजे ७० लाखांच्या सदनिका पाहत हिंडणाऱ्या या दोघांना त्या दिवशी परवडणारे घर साडेअठ्ठेचाळीस लाखांचे होते. वहीवर हा आकडा उमटला तेव्हा बहीण बराच वेळ काही बोलली नाही, आणि मलाही वाईट वाटले. पण हा धक्का वहीसमोर बसलेला बरा. टोकन दिल्यावर तो बसला, तर त्याच्या जोडीला नुकसानही येते.

या हिशेबात एक उमेदीची बाजूही आहे. किमतीशी बांधलेले खर्च, म्हणजे २० टक्के वाटा, सात टक्के मुद्रांक आणि एक टक्का दलाली, मिळून २८ टक्के होतात. याचा अर्थ पदरच्या रकमेत २ लाख ८० हजारांची भर पडली की घराची किंमत दहा लाखांनी वर जाऊ शकते, अर्थात महिन्याच्या पिशवीत तेवढी जागा असेल तर. बहिणीच्या महिन्याच्या पिशवीत ती जागा होती. म्हणून त्यांनी घर पाहणे थांबवले आणि हप्त्याचा सराव सुरू केला.

हप्त्याचा सराव

हा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या घराची इच्छा आहे त्याचा हप्ता आणि मेंटेनन्स यांची बेरीज करावी, त्यातून सध्याचे घरभाडे वजा करावे, आणि उरलेली रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावी. बहिणीसाठी हप्ता ४१,००० आणि मेंटेनन्स ३,५०० असे धरले होते. भाडे वजा जाता दरमहा २२,५०० रुपये बाजूला पडू लागले. साडेबारा महिन्यांत त्याचे २ लाख ८० हजार होतात.

या सरावातून पैसे तर साठतातच, पण त्याहून मोठा लाभ असा, की हप्ता खरोखर झेपतो का हे बँकेच्या कागदापेक्षा अधिक खरेपणाने कळते. जूनमध्ये शाळेचे शुल्क, गणवेश आणि वह्या-पुस्तके एकदम आली, तेव्हा त्यांना त्या खात्यातून अकरा हजार परत काढावे लागले. दिवाळीत आणि एका लग्नाच्या आहेरात पुन्हा तसेच घडले. त्यावरून वर्षातून तीन महिने आपली ओढाताण होते हे समजले, आणि ४१,००० ऐवजी ३८,००० चा हप्ता आपल्याला सुखाचा आहे असे त्यांनी स्वतःच ठरवले. वर्षभरात घरांच्या किमती वाढतील ही भीती खोटी नाही. ५० लाखांच्या घराची किंमत पाच टक्के वाढली तर अडीच लाखांचा फरक पडतो. तरीही साठवलेल्या रकमेमुळे आवाका त्याहून अधिक वाढत असेल, तर थांबण्यात तोटा नाही.

व्याजदर वाढण्याची सोयही याच वेळी करावी. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला, आणि ज्यांनी स्वस्ताईच्या दिवसांत अगदी काठापर्यंत कर्ज घेतले होते त्यांच्या कर्जाची वर्षे एकाएकी वाढली. ४४ लाखांच्या कर्जाचा व्याजदर साडेआठवरून साडेनऊ झाला, तर हप्ता सुमारे ३८,२०० वरून ४१,००० होतो. हे २,८०० रुपये कुठून येतील, याचे उत्तर आधीच तयार असावे. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, म्हणून कर्ज २० वर्षांचे घेऊन दरवर्षीच्या बोनसमधून मुद्दल कमी करत जाणे मला अधिक सुरक्षित वाटते. १५ वर्षांचा जड हप्ता पहिल्या दिवसापासून गळ्यात अडकवून घेऊ नये.

इच्छांची यादी एकाच मापात आणावी

रक्कम ठरली की मग स्वप्नाकडे वळावे, आणि तेही लेखीच. घरातल्या प्रत्येकाने, शाळकरी मुलांनी आणि आजी-आजोबांनीसुद्धा, आपल्याला घरात काय हवे ते वेगवेगळ्या कागदावर लिहावे. एकत्र बसून लिहिले की ज्याचा आवाज मोठा त्याचीच यादी होते. लिहिताना वस्तूपाशी न थांबता तिच्यामागचे कारणही लिहावे, कारण पुष्कळदा कारण लहान आणि वस्तू महाग असते.

बहिणीच्या यजमानांनी ‘मोठा हॉल’ असे लिहिले होते. कारण विचारल्यावर कळले, की त्यांच्या घरी गौरी-गणपती असतात आणि त्या वेळी पंचवीस-तीस माणसांची पंगत बसते. ही इच्छा मनापासूनची होती, तिला कोणी हसले नाही. पण चटई क्षेत्राचा, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेचा, दर चौरस फुटाला ९,००० रुपये धरला, तर ऐंशी चौरस फूट मोठ्या हॉलची किंमत ७ लाख २० हजार होते, आणि त्यावर मुद्रांक व दलाली वेगळी. सोसायटीचे सभागृह गौरीजेवणाच्या दिवसापुरते मिळत असेल, तर ही गरज भागते. याउलट सासूबाईंनी ‘आमच्या खोलीला लागून न्हाणीघर’ एवढेच लिहिले होते. त्या आणि सासरे वर्षातले पाच महिने इथे राहतात, रात्री दोन-तीनदा उठावे लागते आणि गुडघे दुखतात. ही इच्छा यादीत सर्वांत वर गेली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली.

दर महिन्याच्या खर्चाशी निगडित इच्छांसाठी एक माप हाताशी ठेवावे. साडेआठ टक्के दराने आणि २० वर्षांच्या मुदतीने, दरमहा एक हजार रुपये म्हणजे सुमारे १ लाख १५ हजारांचे कर्ज. हे माप लावले की पुष्कळ गोष्टी स्वच्छ दिसू लागतात. जलतरण तलाव, व्यायामशाळा आणि क्लब हाऊस असलेल्या संकुलाचा मेंटेनन्स साध्या सोसायटीपेक्षा महिन्याला तीन हजारांनी अधिक असेल, तर त्या सोयींसाठी आपण जवळजवळ साडेतीन लाखांचे जास्तीचे कर्ज घेतल्यासारखेच आहे. फरक एवढाच, की हे कर्ज वीस वर्षांनीही फिटत नाही, उलट दरवर्षी वाढत जाते.

अंतराचेही तसेच. वाघोलीत घर स्वस्त मिळाले आणि नोकरी हिंजवडीत असली, तर एका वेळचे अंतर सुमारे तीस किलोमीटर पडते. महिन्याला बावीस दिवस जाऊन-येऊन १,३०० किलोमीटरांच्या वर चारचाकी चालते, आणि किलोमीटरला इंधन-देखभाल धरून आठ रुपये म्हटले तरी साडेदहा हजार होतात. ही बारा लाखांच्या कर्जाइतकी रक्कम आहे. याखेरीज रोजचे दोन-तीन तास जातात, आणि ते कोणत्याही मापात बसत नाहीत. नोकरी बदलू शकते हे खरे, म्हणून मी फक्त आजच्या कार्यालयाकडे पाहायला सांगणार नाही. दोघांपैकी ज्याची नोकरी अधिक स्थिर आहे त्याचे ठिकाण, मुलांची शाळा, आणि मेट्रो किंवा बसचा थांबा पायी गाठता येतो का, हे तिन्ही पाहावे. मेट्रोचे स्थानक ‘प्रस्तावित’ असेल, तर त्यासाठी आजच जास्त पैसे मोजू नयेत.

यादीचे शेवटचे काम म्हणजे, जे पुढे करता येईल आणि जे कधीच बदलणार नाही, यांत रेघ ओढणे. फरशी, ओटा, कपाटे, छताची सजावट, वातानुकूलन यंत्र हे सारे पाच वर्षांनी, हाताशी पैसे आल्यावर करता येते. खिडकीतून येणारा उजेड, पाणी, रस्ता, इमारतीची परवानगी, लिफ्ट आणि गाडी लावायची जागा पुढे करता येत नाही. पैसे कमी पडत असतील तर काट पहिल्या गटाला लावावी.

नवे की जुने

बांधकाम चालू असलेल्या घराचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण त्यावर वस्तू व सेवा कर लागतो. २०१९ पासून हा दर पाच टक्के आहे. मात्र एकूण आकारलेली रक्कम ४५ लाखांपर्यंत असेल आणि चटई क्षेत्र पुण्यासारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत, तर मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत असेल, तर तो एकच टक्का लागतो. ४५ लाखांच्या घरावर ४५ हजार कर येतो, आणि ४६ लाखांच्या घरावर २ लाख ३० हजार. म्हणून या रेषेच्या आसपासचे घर पाहताना पार्किंग आणि वरच्या मजल्याचा जादा आकार धरून एकूण रक्कम किती होते, हे लेखी मागावे. बांधकाम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर हा कर लागत नाही.

याखेरीज ताबा मिळेपर्यंत भाडेही चालू राहते आणि उचललेल्या कर्जाचे व्याजही. दोन वर्षे २२,००० रुपयांप्रमाणे भाडे भरले तर सव्वापाच लाखांहून अधिक होतात, आणि ही रक्कम नव्या घराच्या किमतीतच मिळवायला हवी. तशी मिळवली की स्वस्त वाटणारे बांधकाम चालू असलेले घर पुष्कळदा दहा वर्षे जुन्या, तयार घराच्या बरोबरीला येऊन बसते. नवेच घ्यायचे ठरले, तर महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडच्या नोंदणी क्रमांकावरून प्रकल्पाची ताब्याची तारीख आणि आजवर झालेले फेरबदल संकेतस्थळावर पाहावेत, आणि नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. कायद्याने विकासकाला ती मागताच येत नाही.

दर नेहमी चटई क्षेत्रावर काढावा. रेरा कायद्याच्या व्याख्येत घराच्या आतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. जुन्या घरांच्या जाहिरातीत अजूनही ‘विक्रीयोग्य क्षेत्र’ छापलेले असते, आणि तो आकडा जिना, लिफ्ट, बाल्कनी मिळवून फुगवलेला असतो. दोन घरांची तुलना दोन वेगळ्या क्षेत्रांवर झाली, तर सगळा हिशेब वाया जातो.

घर पाहताना

आता घर पाहायला हरकत नाही, पण ठरलेल्या किमतीच्या वरचे एकही पाहू नये. वाटाघाटीत थोडे उतरेल एवढे धरून पाच टक्के वर जावे, त्याहून अधिक नाही. दलालाला आकडा सांगताना स्वतःचा पूर्ण आवाका सांगू नये. पन्नास म्हटले की पंचावन्नची घरे दाखवली जातात, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

सोबत मोजपट्टी न्यावी. सॅम्पल फ्लॅटमधले पलंग पुष्कळदा बेताच्या मापाचे असतात, आतल्या खोल्यांना दारे नसतात आणि दिवे भर दिवसा लावलेले असतात. आपला पलंग साडेसहा फूट लांब आणि सहा फूट रुंद असेल, तर तो ठेवल्यावर कपाटाचे दार उघडते का ते जमिनीवर खडूने रेघ मारून पाहावे. आमच्या घरी वडिलांच्या काळचे लोखंडी कपाट आहे, ते लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकते, हे आम्हाला सामान आणलेल्या दिवशी कळले. स्वयंपाकघरात उभे राहून ओट्यापासून फ्रिज किती पावलांवर येईल, धुण्याचे यंत्र कुठे बसेल आणि पावसाळ्यात कपडे कुठे वाळतील, हे घरात रोज राबणाऱ्या माणसाने ठरवावे.

मनात भरलेले घर तीन वेळा पाहावे. एकदा कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला, रस्त्यावरची कोंडी पाहण्यासाठी. एकदा दुपारी तीनला, पश्चिमेची भिंत किती तापते हे हात लावून पाहण्यासाठी. आणि एकदा मुसळधार पावसानंतर, तळमजल्यावर पाणी साचते का आणि छताच्या कोपऱ्यात ओल दिसते का, यासाठी. पाण्याची चौकशी विकणाऱ्याकडे न करता रखवालदाराकडे आणि शेजारच्या बिऱ्हाडाकडे करावी. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, पण त्या सर्व ठिकाणी पुरेसे नळाचे पाणी त्याच वेगाने पोहोचले नाही. बहीण एका सोसायटीत मे महिन्यात गेली, तेव्हा फाटकापाशी टँकरच्या चाकांनी सिमेंटमध्ये पडलेल्या दोन खोल चाकोऱ्या तिने पाहिल्या, आणि मग कार्यालयात जाऊन मागच्या उन्हाळ्यातले टँकरचे बिल मागून घेतले. दर सदनिकेमागे महिन्याला अठराशे रुपये जात होते. वर सांगितलेल्या मापाने ते दोन लाखांचे कर्ज झाले, आणि तेवढी रक्कम किमतीतून उतरवून घेण्याचा प्रयत्न तिने केला. मालक तयार झाला नाही, तिने ते घर सोडले.

तीन-चार लाख कमी पडले तर

हवे असलेले घर आणि आपली रक्कम यांत शेवटी थोडे अंतर उरतेच. ते भरून काढताना क्रम पाळावा. प्रथम घराच्या सजावटीचा खर्च साडेतीन लाखांवरून दीड लाखावर आणावा. रंग, जाळ्या आणि नळ एवढेच करून राहायला जावे. मग मुख्य रस्त्यापासून आत, एक-दीड किलोमीटरवर पाहावे. मग जुन्या इमारतीचा विचार करावा, पण पुनर्विकास होईल या आशेपोटी जास्त पैसे मोजू नयेत, विशेषतः जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे तिची मालकी, सोसायटीच्या नावे झालेली नसेल तर. म्हाडाच्या सोडतीचा अर्जही भरून ठेवावा. उत्पन्न गटाच्या अटीत बसत असाल तर किंमत बाजारभावापेक्षा पुष्कळदा बरीच कमी असते, मात्र लागेलच असे धरून बसू नये.

आई-वडिलांकडून पैसे घेतले, तर रक्कम आणि परतफेडीची रीत कागदावर लिहून भावंडांनाही दाखवावी. घरातले दुरावे बहुतेक न लिहिलेल्या रकमांवरून होतात. वैयक्तिक कर्ज काढून पदरचा वाटा भरू नये, कारण त्याचे व्याज गृहकर्जाहून बरेच अधिक असते आणि दोन्ही हप्ते एकाच महिन्यात एकत्र येतात. काही विकणारे किमतीचा एक भाग रोखीने मागतात. त्यांना नकार द्यावा. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, शिवाय करारातली किंमत कमी झाली की कर्जही कमी होते आणि एकरकमी पिशवीवरचा भार वाढतो.

टोकन देण्यापूर्वी

आमची चूक इथे झाली. धायरीच्या बाजूला एका इमारतीच्या सातव्या मजल्यावरून सिंहगड दिसत होता. पाऊस नुकता थांबला होता, डोंगरावर ढग उतरले होते, आणि आम्ही त्याच संध्याकाळी मालकाला एक लाख रुपये देऊन साध्या कागदावर पावती घेतली. तीन आठवड्यांनी बँकेच्या वकिलांनी कळवले, की मंजूर नकाशात सहाच मजले आहेत आणि भोगवटा प्रमाणपत्रात (इमारत राहण्यास योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्यात) सातव्याचा उल्लेख नाही. कर्ज नाकारले गेले. पावतीवर कोणतीच अट नव्हती, म्हणून ते लाख रुपये परत मिळायला पाच महिने आणि असंख्य फेऱ्या लागल्या. मधल्या काळात एक चांगले, परवडणारे घर केवळ हातात टोकनपुरते पैसे नाहीत म्हणून गेले.

म्हणून टोकन देण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, आधीच्या खरेदीची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा, ‘इंडेक्स टू’), सोसायटीचे भागप्रमाणपत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला यांच्या प्रती मागून वकिलाला दाखवाव्यात. टोकनची रक्कम लहान ठेवावी, ती बँकेतूनच द्यावी, आणि पावतीवर पुढील अर्थाचे वाक्य दोघांच्या सह्यांनिशी लिहून घ्यावे : बँकेने कागदपत्रांतील त्रुटीमुळे कर्ज नाकारल्यास अथवा मालकी निर्वेध नसल्याचे आढळल्यास ही संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत केली जाईल. मालक हे वाक्य लिहून द्यायला तयार नसेल, तर धनादेश लिहू नये. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचा असेल, तर मालकाला द्यायच्या रकमेतून एक टक्का कर कापून तो सरकारकडे भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते, हेही त्याच पावतीत नमूद करावे म्हणजे पुढे वाद होत नाही.

बहिणीने शेवटी ५५ लाखांचे, अकरा वर्षे जुने, दुसऱ्या मजल्यावरचे घर घेतले. कर्ज ४४ लाख, हप्ता ३८,२००, मेंटेनन्स २,८००. हॉल लहान आहे आणि सिंहगड दिसत नाही. सासूबाईंच्या खोलीला लागून न्हाणीघर आहे, नळाला सकाळी दोन तास पाणी येते, आणि सरावाच्या खात्यात साठलेले पैसे मुद्रांक शुल्काच्या चलनाला लागले. ओट्याखालच्या ट्रॉल्या अजून झालेल्या नाहीत. त्या पुढच्या दिवाळीच्या बोनसच्या नावाने वहीत लिहून ठेवल्या आहेत.